उलट्या नळीतला पाऊस

“आप्पांना जुन्या घरात आणलं गं राजू. उंबऱ्यात पाय टाकला आणि त्यांच्या डोळ्यांत...”

इथे फोन मुका झाला. मेजावरचा केशरी दिवा लागला, विझला, आणि माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, आवाज परत आला, “...ऐकायलीस नव्हं?”

“त्यांच्या डोळ्यांत काय, ते कापलं बघ.”

“आता ह्याच्यात कापण्यासारखं काय हाय? माणूस रडलं की जे येतंय ते आलं, दुसरं काय!”

मागच्या खुर्चीवरून रेबेलो हसला. फोनच्या खोलीचा तो राखणदार. वेळेवर लक्ष ठेवायचं आणि वेळ संपली की जोडणी तोडायची, एवढंच त्याचं काम. “मगदूमबाई, ताईंना सांगा, भाजीबद्दल बोला. भाजी कधी कापली जात नाही.”

त्याचं बोलणं तिकडे ऐकू गेलं. “भाजीला तरी दुसरं काय लागतंय?” आक्का म्हणाली, “त्यांना म्हणावं, तुम्हीच पिकवून दाखवा भाजी, त्याचं नाव न घेता.”

मीही हसले. आठवड्यातून एकदा मिळणारा फोन, त्यातलं निम्मं असंच जायचं. पाऊस, पाणी, नदी, धरण, पेरणी हे शब्द यंत्र कापायचंच, वर कुणी आडून बातमी सांगू लागलं तर अर्थ ओळखूनही कापायचं. म्हणजे खुणेची भाषा ठरवून ठेवली तरी उपयोग नाही. बाकी काय हवं ते बोला.

आक्का सांगत होती, सगळं गावच खाली आलंय. पूर्वीच्या दोन महापुरांनंतर सरकारनं आम्हांला माळावर पत्र्याची घरं दिली होती. उन्हाळ्यात भाजून निघायचं तिथं. आता पंचांगानं पुढची तीन तपं पाऊस उतरत जाणार असं सांगितलं, तसे लोक कृष्णेकाठच्या जुन्या घरांत परतले. (‘कृष्णेकाठच्या’ कापलं गेलं, पण तेवढं मला भरून घेता येत होतं.) आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, सगळ्यांत जास्त आनंद. बस्ती, म्हणजे आमचं जिनमंदिर, जुन्या घराच्या पलीकडच्या गल्लीतच आहे. दर्शन घेतल्याशिवाय ते तोंडात पाण्याचा थेंब घेत नाहीत. माळावरून त्यांना रोज त्या पायांनी उतरून यावं लागे.

“आता फेटा बांधून काठी टेकत टेकत जात्यात आणि येऊन माझ्यावर ओरडत्यात, चहा कुठाय म्हणून. मी तर दमलो बाई,” आक्का म्हणाली. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात.

मी खाली मान घालून ऐकत होते. ते पंचांग ज्या गाळातून वाचलं गेलं, तो गाळ माझ्या हातांनी साफ केलेला होता.

वेंगुर्ल्याच्या पुढे समुद्रावर वाकलेला एक कातळ आहे, त्यावर वरुणपंचांग केंद्र. धरणं कधी भरायची, किती भरलेली ठेवायची, कुठल्या खोऱ्यात काय पिकवायचं, कुठली वस्ती हलवायची, हे सगळं आता इथे वाचलेल्या पंचांगावर ठरतं. त्याला कायद्याचं बळ आहे. पंचांगाची पुढची पानं एकदा वेळेआधी फुटली होती. तेव्हा पाण्याच्या बाजारात अशी पळापळ झाली की काही माणसं जीवानिशी गेली. तेव्हापासून नियम आला. वाचनाचं काम पावसाळ्याच्या चार महिन्यांत चालतं, आणि त्या चार महिन्यांत आत असलेल्या माणसानं बाहेर जायचं नाही. आमच्यात साधू चातुर्मासात एका गावी मुक्काम करतात, पावसात उपजलेले जीव पायाखाली येऊ नयेत म्हणून. आम्ही मुक्काम करतो तो बातमी बाहेर जाऊ नये म्हणून.

आत येताना प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं शपथ घ्यायची असते. मी बरोबर आणलेल्या नेमिनाथांच्या लहानशा मूर्तीसमोर उभी राहिले आणि नियम घेतला, की गाळात जे वाचेन ते मुक्काम संपेपर्यंत बाहेर बोलणार नाही. आमच्या संचालिका केळुसकर मॅडम शेजारी उभ्या होत्या. “तुझी शपथ सगळ्यांत भक्कम,” त्या म्हणाल्या. “बाकीचे कागदाला घाबरतात. तू तर देवालाही घाबरत नाहीस, मनानं पाळतेस, म्हणून तुझ्यावर माझा जास्त विश्वास.”

आता गाळाचं सांगते.

आपल्या किनाऱ्यापासून दूर, अरबी समुद्राच्या उतारावर एक पट्टा असा आहे की तिथल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाहीच. तळाशी किडा जगत नाही, गाळ उकरायला कुणी नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं पडलेला गाळ जसाच्या तसा थरांत राहतो. पावसाळ्यात वारे समुद्र ढवळतात, सूक्ष्म जीव बहरतात, मरतात आणि खाली गडद थर बसतो. हिवाळ्यात वाळवंटाकडची धूळ येते, तिचा फिका थर. एक गडद, एक फिका, झालं एक वर्ष. त्या गडद थरात चुन्याची इवली इवली कवचं असतात, बाजरीच्या दाण्याहून लहान. त्या कवचांतल्या प्राणवायूचे अणू काही हलके, काही जड. त्यांच्या प्रमाणावरून त्या वर्षी समुद्रात गोडं पाणी किती आलं, म्हणजे जमिनीवर पाऊस किती झाला, ते कळतं.

पूर्वी हे एकेक नमुना काढून करत, आयुष्यं जायची. मग ऋतुवाचक आला. लेझरची टोकदार रेघ थरांवरून फिरते आणि एका दिवसात शेकडो वर्षांचा पाऊस कागदावर येतो.

पण मागचं वाचून पुढचं कसं सांगायचं? पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलत असतो. तिची सूर्याभोवतीची वाटही कधी गोल, कधी थोडी लांबट होते. या चक्रांमुळे पाऊस हजारो वर्षं चढतो, हजारो वर्षं उतरतो. चक्र फिरत असल्यामुळे आजच्यासारखा काळ पूर्वीही येऊन गेलेला असतो. सुमारे एक लाख वीस हजार वर्षांपूर्वी ध्रुवांवरचं बर्फ असंच वितळत होतं, समुद्र असाच तापला होता. ऋतुवाचकानं गाळात तो जुळा काळ शोधला. आज जिथे आपण उभे आहोत तिथे तेव्हाचं जग कोणत्या थरात होतं, ते सापडलं की त्याच्या वरचे थर म्हणजे आपलं पुढचं. गाळ यंदाचा पाऊस सांगत नाही, कल सांगतो. आणि कल उतरता निघाला. म्हणून आदेश निघाला, की धरणं काठोकाठ भरा आणि थेंब सोडू नका.

तो दिवस साधाच होता. पहाटे सामायिक केलं, म्हणजे सगळ्यांविषयी समभाव धरून स्वस्थ बसले. दुपारी गाळशाळेत गेले. समुद्रतळातून काढलेला गाळाचा लांब दंडगोल जहाजावरच दीड दीड मीटरच्या नळ्यांत कापतात आणि तळाकडून वर आकडे देतात. मग उभा चिरतात. एक अर्धा भाग कामाचा, दुसरा जपणुकीचा. तो मोहरबंद करून थंड खोलीत ठेवतात. नळीच्या वरच्या तोंडाला निळी टोपी, खालच्या तोंडाला पांढरी. बाकी नळीला वरखाली काही नसतं. टोपी सांगेल ती दिशा.

सातव्या नळीचा कामाचा अर्धा माझ्यासमोर होता. वाचून झालेल्या नळ्यांचा पृष्ठभाग पुन्हा गुळगुळीत करून ठेवायचा, एवढंच काम होतं. काचेची पट्टी ओढताना एका जागी खर्र झालं. भिंगातून पाहिलं. बोटभर जाडीचा रेतीचा थर होता. असे थर अधूनमधून सापडतात. समुद्राखाली दरड कोसळली की गढूळ लोंढा येतो आणि खाली बसतो. जाड रेती आधी बसते, बारीक नंतर. हंड्यातलं पाणी मी रोज फडक्यातून गाळून घेते. गढूळ पाणी स्थिर ठेवलं की तळाशी काय बसतं आणि वर काय राहतं ते सांगायला ऋतुवाचक लागत नाही.

इथे बारीक रेती खाली होती. जाड वर.

मी पट्टी बाजूला ठेवली. ‘असं होऊ शकतं’ असं स्वतःला म्हणून पाहिलं. मग चुंबकाचा आलेख काढला. गाळ बसताना त्यातले लोहाचे कण पृथ्वीच्या चुंबकत्वाप्रमाणे झुकून बसतात, आणि सातव्या नळीत ते सगळेच्या सगळे उलटे झुकले होते. हे नवीन नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं. त्या काळात पृथ्वीचं चुंबकत्व खरोखरच काही काळ डळमळलं होतं, आणि यंत्रानं त्या उलट्या कणांना तीच डळमळ मानलं होतं. उलट त्यामुळे काळ बरोबर जुळला म्हणून आम्ही पेढे वाटले होते.

पण डळमळ हळूहळू सुरू होते, हळूहळू संपते. इथे नळीच्या एका टोकाला सुरू आणि दुसऱ्या टोकाला बंद. जशी सुरीनं कापावी.

जहाजावर कुणाकडून तरी निळी टोपी खालच्या तोंडाला बसली होती. नळी उलटी होती. जुळा क्षण सहाव्या नळीच्या अगदी वरच्या टोकाला सापडला होता, म्हणजे आपलं सगळं पुढचं या सातव्या नळीत. कापताना सांध्यातला थोडा गाळ नेहमीच वाहून जातो, म्हणून दोन नळ्यांची टोकं जुळली नाहीत तरी कुणी चमकलं नव्हतं. मी नळी मनातल्या मनात फिरवली आणि थर पुन्हा वाचले. गडद थर जाड होत होते. वर्षामागून वर्ष, तपामागून तप. अवसर्पिणी म्हणून वाचलेला काळ उत्सर्पिणीचा होता. जे उतरत जाणार म्हणून आम्ही सांगितलं, ते चढत जाणार होतं.

आणि धरणं भरून ठेवली होती. आणि गाव खाली उतरलं होतं.

केळुसकर मॅडमनी आलेख पाहिला, भिंगातून रेती पाहिली. बराच वेळ त्या भिंगावरून डोळा काढेनात.

“त्या दिवशी समुद्र फार खवळला होता,” शेवटी त्या म्हणाल्या. “निम्मी माणसं आडवी पडलेली. कापायच्या मेजावर मी एकटी होते. टोपी मीच लावली.”

मी त्यांना विचारलंही नव्हतं.

“जपणुकीचा अर्धा उघडून त्यातही रेती अशीच आहे का ते पाहावं लागेल,” त्या म्हणाल्या. “तो उघडायला वरच्या पंचांग मंडळाची परवानगी लागते. मंडळ बसायला वेळ लागतो.”

“किती?”

“तुला माहीत आहे किती. मी आजच लिहिते. कारण काय, तेही लिहिते. माझ्या नावासकट.”

“आणि तोवर धरण?”

“धरण पंचांगावर चालतं, राजमती. पंचांग मंडळावर चालतं. मी फोन उचलून कुणाला सांगू म्हटलं तर माझाही फोन तेच यंत्र कापणार. मीही आतच आहे, बाई.”

खिडकीबाहेर समुद्र दिसत नव्हता, इतका पाऊस लागला होता. त्यावरून काही समजत नाही. किनाऱ्यावर तो लागतोच. घाटावर काय चाललंय ते इथून कळायची सोय नव्हती.

मी उठले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. आवाज खाली आणला. “तुझे वडील खालीच आहेत ना? त्यांना हलव. काहीतरी देवाधर्माचं सांग. नवस बोललेय म्हणावं, महिनाभर डोंगरावर जाऊन राहा. यंत्र धर्माचं कापत नाही. तुझा नियमही मोडत नाही.”

“पण नवस मी बोललेले नाही.”

“बापाचा जीव वाचवायला एवढं खोटं चालतं गं. तुझं शास्त्रसुद्धा ते माफ करेल.”

त्या म्हणाल्या ते बरोबर होतं. जीव वाचत असेल तर अशा वेळी खरं बोलण्याचा आग्रह धरू नये, हे मी लहानपणापासून ऐकलेलं आहे. मला खोट्याची तेवढी भीती नव्हती. भीती वेगळीच होती. आप्पा डोंगरावर पोचले की माझी झोप परत येईल, हे मला माहीत होतं. मग मी मंडळाची वाट बघत बसेन, शांतपणे, नियम पाळून. बाकीचं गाव तेव्हाही खालीच असेल.

पुढच्या फोनला आप्पाच आले.

“बाळ, जेवलीस का?”

“जेवले आप्पा. पाय कसे आहेत?”

“पायांचं काय, चालायलेत. तुझी आक्का तेवढी चालू देत न्हाई. बाहेर काय लागून राहिलाय...” दिवा लागला, विझला. “...चार दिस झाले, थांबायचं नाव न्हाई.”

काय लागून राहिलंय ते मला भरून घ्यावं लागलं नाही.

“आप्पा, तुम्ही बाहुबलीच्या डोंगरावर जाऊन राहता का थोडे दिवस? आक्काला घेऊन?”

“कशापायी?”

मी केशरी दिव्याकडे पाहिलं. तो विझलेलाच होता.

“काय बोललीस काय देवाला?” आप्पा म्हणाले. “बोलली असशील तर सांग, आत्ता हिकडनं निघतो. लेकीचा संकल्प म्हणजे माझा संकल्प. पण उगंच काळजीनं म्हणत असशील तर न्हाई. इतक्या वर्सांनी बस्ती दाराशी आलीय, ती सोडून मी कुठं जाऊ?”

एक ‘हो’ पुरला असता. तो ओठांवर आला होता. पण फोन एकच होता, वेळ थोडा, आणि ‘हो’ म्हटलं की आक्काही त्यांच्यासोबत निघून जाणार होती. आमच्या गल्लीतली दारं डोळ्यांपुढून गेली. पायगोंडाकाका, बाळंतीण होऊन आलेली त्यांची सून, कुंभारांचं घर, नदीच्या बाजूची मुल्लांची वस्ती. त्यांच्यासाठी कोण कुठला नवस बोलणार होतं?

“बोलले नाही, आप्पा,” मी म्हणाले. “आक्काला द्या.”

“काय गं?” आक्का आली.

आणि मी बोलायला लागले. मोठ्यानं बोलायची मला सवय नाही, तशीच, नेहमीच्या आवाजात. नळी उलटी होती. पंचांग चुकलंय. पाऊस उतरणार नाही, चढणार आहे. धरण भरलेलं आहे, ते सोडतील तेव्हा एकदम सोडतील. सगळ्यांना घेऊन माळावर जा. आजच जा. पहिल्याच वाक्याला केशरी दिवा लागला आणि तो विझेचना. मला दिसत होतं की यातलं काहीही पलीकडे जात नाही. तरी मी थांबले नाही. संपलं की पहिल्यापासून सांगत होते.

रेबेलो उठून माझ्या मागे येऊन उभा राहिला. असं काही झालं तर जोडणी तोडायची असा त्याला हुकूम होता. तो हात मागे बांधून उभा राहिला. भिंतीवरचं घड्याळ बघत राहिला, जणू त्याला काही ऐकूच येत नव्हतं.

श्वास घ्यायला थांबले तेव्हा दिवा विझला.

“राजू?” आक्काचा आवाज आला. “तू बोलायलीस. मधनं मधनं तुझा श्वास येतोय आणि परत सगळं बंद. एवढा वेळ ते काय कापायलेत? आजवर दोन-दोन शब्द कापायचे. तुझं सगळंच बोलणं जर...”

आता तिचंही कापलं गेलं. दिवा लागलेलाच राहिला. म्हणजे तिला कळलं होतं. जे कळलं ते ती बोलत होती, म्हणूनच मला ते ऐकू येत नव्हतं.

“वेळ संपली,” रेबेलो हलक्या आवाजात म्हणाला. वेळ केव्हाच संपली होती.

मी तिथून उठून सरळ मॅडमकडे गेले आणि सांगितलं, “मी नियम मोडला.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रागावल्या नाहीत. कुणाला तरी बोलावून घेतलं. मला पाहुण्यांच्या इमारतीतल्या शेवटच्या खोलीत नेलं आणि बाहेरून दार लावून घेतलं. मूर्ती बरोबर नेऊ दिली. मी तिच्यासमोर बसून प्रायश्चित्त म्हणून उपास धरले. घेतलेला नियम मोडला होता. तो चांगल्यासाठी मोडला म्हणून कमी मोडत नाही.

त्या खोलीत मला एकच गोष्ट कळायची, समुद्र वाजतोय. जेवण आणून देणारी बाई बोलायची नाही, तिला मनाई होती. मी मनात गाव माळावर चढवत होते. एकेक घर. पायगोंडाकाकांची बैलगाडी, सुनेच्या कडेवर बाळ. आप्पा सगळ्यांत शेवटी, आक्काशी भांडत. कधी चित्र नीट उभं राहायचं. कधी त्यात माणसं हसत असायची, ‘फोन मुका झाला म्हणून कुणी घर सोडतं का?’ असं आक्काला विचारत असायची, आणि कुणी हलत नसायचं.

एके सकाळी मॅडम आल्या. खुर्ची असून जमिनीवर बसल्या.

“मंडळानं जपणुकीचा अर्धा उघडला,” त्या म्हणाल्या. “तुझं बरोबर होतं. पंचांग मागे घेतलं. धरण हळूहळू मोकळं करायचा आदेश गेला.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

“पण तोवर घाटात फार पडून गेला होता. हळूहळू करायला जागाच उरली नव्हती. सगळे दरवाजे एकाच पहाटे उघडले.”

“गाव?”

“माहीत नाही. देवाशपथ मला माहीत नाही. दरवाजांचा आदेश इथून गेला म्हणून तेवढं कळलं. बाहेरचं आत येत नाही, तुला ठाऊक आहे.” त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “आणखी एक आहे. चातुर्मास संपला तरी तुला सोडता येणार नाही. नवा गाळ काढून, वाचून होईपर्यंत मंडळाबाहेर खरं पंचांग फक्त आपल्या दोघींच्या डोक्यात आहे. मला ते सोडतील, कारण मी बोलले नाही.”

त्या रडत होत्या. मला त्यांचं सांत्वन करावं लागलं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मला सांगितलं, बहीण भेटायला आलीय. भेट फाटकाजवळच्या काचेच्या खोलीत. आवाज दोन्ही बाजूंनी बंद.

काचेपलीकडे आक्का उभी होती. वाळली होती. पदर डोक्यावर घट्ट ओढलेला, हातात डबा. मला बघितल्याबरोबर ती बोलायला लागली, नेहमीसारखी भराभर, मग तिच्या लक्षात आलं आणि ती थांबली. डबा खाली ठेवला. हात कमरेशी आडवा धरला. मग छातीशी. मग टाचा उंचावून डोक्याच्याही वर, जितका पोचेल तितका.

मी दोन्ही हातांनी विचारलं, माणसं?

तिनं लांबवर वरच्या बाजूला हात केला, माळ दाखवावा तसा. बोटं जुळवून, उघडून, पुन्हा जुळवून दाखवली. सगळी. सगळी वर नेली मी. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी थोडा अभिमान होता. किती जणांशी ती भांडली असेल, कुणाकुणाला तिनं हाताला धरून ओढलं असेल, ते मला दिसलं. मी हात जोडले.

तिनं मान हलवली. नाही. एक बोट वर केलं.

मी तिच्या मागे पाहिलं. रस्त्याकडेला गाडी उभी होती. गाडीत चालकाशिवाय कुणी नव्हतं.

आक्कानं डोक्याभोवती हात फिरवला, फेटा गुंडाळतात तसा. मग दोन्ही हात जोडून मान झुकवली, गाभाऱ्यासमोर झुकवतात तशी, आणि खाली, उताराकडे बोट केलं.

आप्पा. बाकीचं मी भरून घेतलं. ते वर गेले होते. आक्कानं नेलं म्हणून गेले. आणि गावात अजून पाणी शिरलेलं नव्हतं म्हणून रोज पहाटे दर्शनाला खाली उतरत होते, कुणालाही न सांगता, काठी टेकत. दरवाजे उघडले त्याही पहाटे. देवाला बोललेय असं मी म्हणाले असते तर ते बाहुबलीच्या डोंगरावर असते, तिथल्या भगवंतांसमोर रोज उभे राहिले असते. त्यांनी विचारलं होतं. मी खरं ते सांगितलं होतं.

मी काचेला टेकून खाली बसले.

आक्का बोलत होती. तिचं तोंड हलत होतं, डोळे वाहत होते, हात मधेच माझ्याकडे, मधेच आभाळाकडे जात होता. मला ती दोष देत होती की समजावत होती, ते कळायला मार्ग नव्हता. मी तिच्या ओठांवरून एकही शब्द लावू शकले नाही. पुष्कळ वेळानं ती दमली. माझ्यासमोर, काचेच्या तिकडे, तीही जमिनीवर बसली.

मग तिनं वर पाहिलं. सूर्य समुद्राकडे बराच कलला होता. तो बुडाल्यावर आम्ही दोघीही जेवत नाही. तिनं डबा उघडला. भाकरी, झुणका, शेंगांची चटणी. माझ्याकडे काही देता येत नव्हतं, म्हणून तिनं बोट करून मला आतलं दार दाखवलं आणि रागानं हात झटकला, लहानपणी मी ताटावरून उठून जायची तेव्हा झटकायची तसा.

मी मान हलवली. नको.

तिनं भाकरी मोडली, घास केला आणि तो हातात धरून बसून राहिली. तोंडात घालीना. सूर्याकडे बघे, माझ्याकडे बघे.

मी उठले. आत जाऊन बाईकडून ताट मागून घेतलं आणि परत येऊन तिच्यासमोर बसले.